पेशंटचं नाव

आमच्या कुत्रीला नाव नव्हतं. वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्याच्या आमच्या घरी ती आली तेव्हा पायातल्या चपलेएवढी होती. नाव ठेवलं की ती आपली होते, असं आईचं म्हणणं होतं. "येते तशी जाईन, तू नको जीव लावू," ती मला म्हणाली. कुत्री गेली नाही. चार वर्षं आई तिला "ये व" म्हणून बोलवायची, बाबा जीभ टाळूला लावून टक्‌टक् करायचे आणि मी काहीच म्हणायचे नाही. पायरीवर जाऊन बसले की ती यायची.

मी नर्सरीपासून तालुक्याच्या गावच्या, मालेगावच्या, इंग्रजी शाळेत शिकले. सकाळी व्हॅन, संध्याकाळी व्हॅन. शाळेत मराठी बोललं तर वर्गासमोर उभं करायचे, आणि इकडे गल्लीतल्या मुली माझ्या बोलण्याची नक्कल करून हसायच्या. दोन्हीकडे कमी बोलायची सवय तेव्हाच लागली. आता मी त्याच शाळेत केजीच्या वर्गाला शिकवते. चार-पाच वर्षांच्या मुलांशी बोलताना मी अडखळत नाही. दिवसातले तेवढे तास मला माझाच आवाज ऐकू येतो. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते या वर्गासाठी केलं.

कुत्रीला पहिला झटका आला तेव्हा सकाळ होती. आई अंगण झाडत होती. कुत्री चालता चालता एका बाजूला कलली, पडली आणि पडल्या पडल्या पळायला लागली. चारही पाय हवेत पळत होते, डोळे उघडे होते पण ती आमच्याकडे बघत नव्हती. तोंडातून फेस आला, खाली ओलं झालं.

"करंट लागला इले," आई ओरडली. "मेन बंद करा व कोणी!"

शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांनी एकदा पाहिलं, पायातली चप्पल काढली आणि कुत्रीच्या नाकाला लावली. माणसाला फिट आली की आमच्याकडे लावतात तशी.

"करंट नाई लागला, मिरगी हाये," काकू म्हणाल्या. "आमच्या गल्लीतल्या तिले अशीच येत होती."

'तिले' म्हणजे कोणाला, हे सगळ्यांना माहीत होतं. गल्लीच्या टोकाला एक बाई राहायची. सासरहून दोन वर्षांत परत पाठवलेली. तिला लोक 'फिटवाली' म्हणायचे. लग्नात ती पोळ्या लाटायला बसली की कोणी तरी गोड बोलून तिच्या हातातलं लाटणं काढून घ्यायचं. तिचं खरं नाव मला कधी कळलं नाही.

तिसरा झटका आल्यावर मी कुत्रीला जुन्या चादरीत गुंडाळून ऑटोनं मालेगावच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. अंगणात गुरं उभी करायचा लोखंडी खोडा होता. त्यात एक बैल होता आणि त्याच्याभोवती पाच माणसं. माझ्या मांडीवरच्या चादरीतून कान दिसला तेव्हा त्यातला एक जण म्हणाला, "म्हशीचा नंबर गेला पोरी, आता कुत्र्याचा का?" सगळे हसले. मी खाली बघत बसले.

डॉक्टर चाळिशीचे, अकोल्याचे. सोमवार ते शनिवार इथे खोली करून राहायचे. त्यांनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. किती वेळ चालतो, आधी काय करते, नंतर ओळखते का, सगळं विचारलं. वजन माहीत नव्हतं. समोरच्या अडत दुकानाच्या काट्यावर मी तिला घेऊन उभी राहिले आणि मग एकटी. हमालानं वजाबाकी ओरडून सांगितली. चौदा किलो.

"ही गोळी आमच्याकडे येत नाही," चिठ्ठी लिहिता लिहिता डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडे जंताचं, तापाचं, कॅल्शियम. फिटची गोळी कुत्र्याला माणसाचीच लागते, माणसांच्या मेडिकलवर मिळेल. सकाळी एक, संध्याकाळी एक. झोपेच्या गोळ्यांच्या जातीची आहे, म्हणून चिठ्ठीशिवाय देत नाहीत, आणि एका चिठ्ठीवर एका महिन्याच्या वर नाही. दर महिन्याला माझ्याकडे यायचं." मग पेन खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एक वेळही चुकवायची नाही. बंद करायची झाली तर मी सांगेन तशी, कित्येक आठवडे लावून कमी करायची. मनानं बंद केलीस तर पहिल्यापेक्षा वाईट झटके येतील, आणि ते थांबायचे नाहीत. समजलं?"

मी मान हलवली.

चिठ्ठीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं: कुत्री, मादी, चार वर्षं, चौदा किलो. मालेगावातल्या पहिल्या मेडिकलवाल्यानं ते वाचून चिठ्ठी काउंटरवरून माझ्याकडे सरकवली. "हे गुरांच्या मेडिकलवर भेटन." गुरांच्या मेडिकलवाला म्हणाला, "ताई, ही माणसाची गोळी हाये. आमच्याकडं कायची?" आणखी दोन दुकानांनी ही गोळी ठेवणंच सोडलं होतं, कोण त्या नोंदी करत बसणार म्हणून.

गोळी मिळाली वाशिमला. पॅसेंजरनं जाऊन स्टेशनपासून चालत गेले. दुकान मोठं होतं, कॉम्प्युटर होता, समोर माणसांची रांग होती. मालकांचा चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"देता येते," ते म्हणाले. "पण नोंद करा लागते. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती देल्ल्या. पेशंटचं नाव सांगा."

"कुत्री आहे," मी म्हणाले.

"ते दिसून राह्यलं. तिचं नाव?"

"नाही."

"काय नाई?"

"नाव नाही."

मागून कोणी तरी हसलं. माझे कान तापले. मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. मी तिथून लवकर निघावं असं त्यांनाही वाटत असावं. "मंग तुमचंच टाकतो. जनावराच्या मालकाचं चालते. वय?"

मी नाव सांगितलं. वय सांगितलं, चोवीस. त्यांनी ते पेशंटच्या रकान्यात टाकलं. मालकासाठी वेगळा रकाना त्यात नव्हताच. मोबाइल नंबरही घेतला. बिल छापून आलं तेव्हा त्यावर डॉक्टरांचं नाव होतं, माझं नाव होतं, फिटच्या गोळीचं नाव होतं. कुत्री कुठेच नव्हती. मला ते तेव्हाच दिसलं. इंग्रजीत छापलेलं काहीही मी न वाचता सोडत नाही, शाळेनं लावलेली खोड आहे. पण मागे रांग होती आणि तोंड उघडायचं म्हणजे पुन्हा 'कुत्री' म्हणायचं. मी पिशवी घेतली.

"पुढच्या टायमाले चिठ्ठीवरच तुमचं नाव आणा," मालक म्हणाले. "कुत्रं-बित्रं लिवू नका म्हणा डॉक्टरले. कॉम्प्युटर घेत नाई."

डॉक्टरांना मी तसं सांगितलं. ते चिडले, पण बाहेर सहा म्हशी उभ्या होत्या. "म्हणजे तूच माझी पेशंट," असं म्हणून त्यांनी माझं नाव लिहिलं. त्यानंतर दर महिन्याला तसंच. दवाखान्यात चिठ्ठी, पॅसेंजर, काउंटर, नाव, गोळ्या. महिना संपायच्या चार दिवस आधी दुकानातून माझ्या मोबाइलवर इंग्रजीत मेसेज यायचा: माझं नाव, आणि तुमची औषधं संपत आली आहेत.

गोळ्यांनी गुण आला. पहिले काही दिवस कुत्री पेंगली, भिंतीला घासत चालली. मग सावरली. मी गोळी भाकरीच्या तुकड्यात घालून द्यायचे. वेळ चुकू नये म्हणून आईही लक्ष ठेवायला लागली, अर्थात आपल्या पद्धतीनं. "ये व, मिरगीवाली, तुह्यं औषध घे. राणीसायबाले टायमावर लागते." सात महिने एकही झटका आला नाही.

मग एका दुपारी शाळा सुटताना एका मुलाची आई माझ्याजवळ थांबली. चांगली बाई, नेहमी हसून बोलणारी. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तब्येत बरी आहे न आता?"

"बरी आहे," मी म्हणाले. मला वाटलं, सर्दीबद्दल विचारतेय.

"माझ्या सासूबाईंच्या गोळ्या आम्ही त्याच मेडिकलवरून घेतो, वाशिमच्या. त्या दिवशी तुमच्यामागंच होते मी. मी कोणाला बोलली नाही हं." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "आजकाल औषधानं राहते कंट्रोलमध्ये."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला घरी पोचेपर्यंत सुचत राहिलं. तिथे मी फक्त "हो" म्हणाले.

आठवड्याभरात मुख्याध्यापिकांनी बोलावलं. त्या इंग्रजीत बोलल्या. इंग्रजीत त्या कधीच रागवत नसत. मला काही आजार आहे का, असेल तर लपवायची गरज नाही, पण लहान मुलांचा वर्ग आहे, जिना आहे, पालक विचारत आहेत, त्यातल्या कोणी तरी मेडिकलच्या बिलावर माझं नाव पाहिलंय. मी म्हणाले, ते औषध माझ्या कुत्रीचं आहे. त्यांनी समोरची फाइल मिटली. मग अगदी मऊ आवाजात विचारलं, कुत्रीच्या औषधाच्या बिलावर तुमचं नाव कसं?

मी सगळं सांगायला सुरुवात केली. खोडा, अडतीचा काटा, रकाना, कॉम्प्युटर. सांगता सांगता मलाच ते खोटं वाटायला लागलं. मी नेहमीसारखी अडखळत होते आणि अडखळणारा माणूस बनवून सांगतोय असंच दिसतं.

फिटनेस सर्टिफिकेट येईपर्यंत मी वर्गावर जायचं नाही, असं ठरलं. मी ऑफिसात बसून स्नेहसंमेलनासाठी कागदाचे तारे कापले. माझ्या वर्गातली मुलं पाणी प्यायला जाताना दारातून हात हलवायची.

घरी सांगणं भाग होतं. आईनं ऐकून घेतलं आणि हातातली परात खाली ठेवली.

"तुह्यं नाव काढून घे तिथून. उद्याच जाय."

"मग गोळ्या कोणाच्या नावानं आणायच्या?"

"तुह्या बापाच्या."

बाबा एस.टी.त ड्रायव्हर आहेत. ते जेवत होते, घास तसाच हातात राहिला. "माह्या नावानं फिटच्या गोळ्या? कागद डेपोत गेला तर मले स्टेअरिंगवरून उतरवून टायराच्या ढिगावर बसवतीन."

"मंग बसा. गाडी तरी तुमी कुठं उभं राहून चालवता?"

"अवं, मजाक नोको करू. पन्नास माणसं असतात माह्या मागं."

आईनं परात हातानं बाजूला सरकवली. मग म्हणाली, "माह्यं लिवलं असतं. पण मंग म्हणतीन, मायलेच हाये, म्हणजे पोरीच्या रक्तातच हाये. ते तं आणखीनच वाईट." ती माझ्याकडे वळली. "इंग्रजी शाळेत घातलं तुले कायले? त्याले म्हणता नाई आलं तोंड उघडून, का बाप्पा, माह्यं नोको लिवू? काहून नाई बोलली?"

कुत्री दारात बसून परातीकडे बघत होती.

मालेगावच्या एका एम.बी.बी.एस. डॉक्टरांनी मला तपासलं, आणि फिट येत नाहीत, कोणतंही औषध चालू नाही, असं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. ते फाइलला लागलं. मी वर्गावर परत गेले. 'यापुढे असा गोंधळ नको' एवढंच मुख्याध्यापिका म्हणाल्या.

मग मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. लसीकरणाचे दिवस होते, ते रोज एका गावात असायचे. किन्हीराजा या गावाला निघता निघता गाठ पडली. सगळं ऐकून त्यांनी मोटरसायकल पुन्हा स्टँडवर लावली आणि आत येऊन नवी चिठ्ठी लिहायला घेतली.

"पहिल्यापासून अशीच लिहायला पाहिजे होती," ते म्हणाले. "चूक माझी आहे, तुझी नाही." मालकाचं नाव वेगळ्या ओळीत, त्यापुढे मालक. जनावर: कुत्री, मादी, वय, वजन. औषध, किती वेळा, किती दिवस. खाली त्यांचा नोंदणी नंबर आणि शिक्का. वर त्यांनी 'फक्त जनावरासाठी' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. "कायद्यानं एवढं असलं की बस. कोणी नाही म्हणू शकत नाही. तिचं नाव सांग."

"लागतंच का?"

"आता ठेवूनच टाक. रिकामं दिसलं की ते पुन्हा तुझं टाकतील."

पेन कागदावर थांबलं होतं. मी एक नाव सांगितलं. कुठून आलं माहीत नाही, तोंडात आलं. त्यांनी लिहिलं आणि म्हणाले, "छान आहे." ते नाव मी इथे लिहीत नाही. घरी जाऊनही मी तिला त्या नावानं कधी हाक मारली नाही. मला लाज वाटली.

वाशिमच्या मालकांनी ती चिठ्ठी हातात धरली आणि बराच वेळ वाचली.

"म्हणजे हे कुत्रीसाठी होतं?" ते हळूच म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं. तुम्हीच माझं नाव टाकलं."

आयुष्यात इतकं सरळ मी कोणाशी बोलले नव्हते. पण आवाज मात्र बारीक निघाला.

"हे पाहा ताई," त्यांनी पुढे वाकून सांगितलं, "माह्या नोंदीत सात महिने तुमी पेशंट हाये. आज मी कुत्री लिवली तं मागचं सगळं खोटं होते. उद्या तपासणीवाला आला, त्यानं इचारलं का ही बाई बरी झाली अन् तिच्या जागी कुत्री कुठून आली, तं मी काय सांगू? लायसन माह्यं जाते. मागच्यासारखी चिठ्ठी आणा, आत्ता देतो. नाई तं मंग दुसरीकडं पाहा."

"चिठ्ठी बरोबर आहे," मी म्हणाले.

"बरोबर हाये म्हणूनच तं घेता येत नाई."

मी बाहेर आले. रस्त्यावरच्या आणखी दोन दुकानांत विचारलं, त्यांच्याकडे ती गोळी नव्हती. घरी अकरा गोळ्या होत्या.

त्या अकरा गोळ्यांचा हिशेब मला अजून पाठ आहे. दिवसाला दोन म्हणजे साडेपाच दिवस. मोबाइलवरून मागवून पाहिल्या, हे औषध घरपोच देता येत नाही असं उत्तर आलं. अकोल्याला गेले असते तर मिळाल्या असत्या, तिथे कुत्र्या-मांजरांचे वेगळे दवाखाने आहेत. रविवारी ते बंद असतात, म्हणून शनिवारी जायचं ठरवलं. पण प्रत्येक शनिवारी स्नेहसंमेलनाची तालीम होती आणि आत्ताच वर्ग परत मिळाला होता, सुटी मागायचं धाडस झालं नाही. डॉक्टरांना फोन करून जुनी, माझ्या नावाची चिठ्ठी मागता आली असती. ती एक ओळ लिहून घेतली असती तर संध्याकाळी गोळ्या घरात असत्या. मी तो फोन तीनदा हातात घेतला. दर वेळी मला ऑफिसातले कागदाचे तारे आठवले. औषध चालू नाही, असं सर्टिफिकेट फाइलला होतं.

मी गोळ्या अर्ध्या करायला लागले. स्टीलच्या पट्टीची कड लावून दाबलं की गोळीचे दोन तुकडे व्हायचे, थोडा भुगा पडायचा. भुगाही मी बोटाला लावून भाकरीला पुसायचे. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. कोणाला सांगितलं नाही. आई विचारायची, "देल्ली का तिची गोळी?" मी म्हणायचे, "दिली." ते खोटं नव्हतं.

दहाव्या दिवशी रविवार होता. सकाळी आठच्या सुमारास ती अंगणात पडली. तो झटका संपला, ती उठली, दोन पावलं चालली आणि पुन्हा पडली. मग ते थांबेचना. एक सरायचा, ती डोळे उघडायची, आणि मी तिला ओळख पटली का बघेपर्यंत दुसरा सुरू व्हायचा.

रविवारी डॉक्टर अकोल्याला घरी असायचे. त्यांनी फोन लगेच उचलला.

"सावलीत ठेव. अंगावर ओलं फडकं टाक. तोंडात काही घालू नको, पाणीसुद्धा. आता इंजेक्शन लागतं, ते तिथे कोणाकडे नाही. मी निघतो, पण तीन तास लागतील." मग विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना पूर्ण?"

मी कुत्रीकडे बघत होते.

"हो," मी म्हणाले.

आईनं ते ऐकलं. तिनं फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन फळीवरची डबी उघडली. आत अर्धे तुकडे होते. लुगडं बदलायला थांबली नाही. डबीखालची डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली आणि चपला घातल्या.

"मी जाते," मी म्हणायला हवं होतं. मी नुसती उठले.

"तू बस तिच्यापाशी," आई म्हणाली. "तुह्यं नाव झालं एकदा. आता माह्यं होऊ दे. कोणाले काय म्हणाचं ते म्हणू दे."

"आई, आता गोळीनं काही होणार नाही. डॉक्टर म्हणाले."

"थांबली तं लागन न मंग गोळी. अन् नाई थांबली तं..." तिनं पुढचं सोडून दिलं आणि स्टँडकडे निघाली.

मी ओलं फडकं बदलत राहिले. काकू आल्या, चप्पल काढायला वाकल्या, मग माझं तोंड बघून तशाच उभ्या राहिल्या. साडेदहानंतर झटके बारीक होत गेले. मला वाटलं, थांबतायत. पाय पळायचे थांबले, फक्त जबडा हलत होता. मग तोही थांबला. तिचं अंग इतकं तापलेलं होतं की फडकं कोरडं झालं होतं. मी तिच्या कानाशी वाकून कागदावरचं नाव एकदा म्हटलं. काकू मागे होत्या म्हणून अगदी हळू म्हटलं. तोपर्यंत उशीर झालेला होता, बहुतेक.

डॉक्टर आले तेव्हा बाबा शेताच्या धुऱ्याला, बांधाच्या कडेला, खड्डा खणून परतले होते. डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले आणि हात धुतले. "पूर्ण गोळ्या चालू असतानाही कधी कधी असं होतं," ते मला म्हणाले. "काही जनावरांत औषध पुढे चालत नाही. तू सगळं बरोबर केलंस." मी त्यांना हात पुसायला टॉवेल दिला.

आई आली तेव्हा दीड वाजला होता. दारातूनच तिनं चादर पाहिली. मग पायरीवर बसली, जिथे मी बसायचे तिथे, आणि पदराची गाठ सोडून गोळ्यांच्या पट्ट्या बाहेर काढल्या.

"देतच नव्हता तो," ती म्हणाली. "मी म्हटलं, मले येतात फिटा. मीच हाये पेशंट. लिव माह्यं नाव, नाई तं इथंच आडवी होऊन दाखवतो. सारी लाइन माह्याकडं पाहून राह्यली होती. मंग मुकाट्यानं देल्ल्या." तिनं कागद माझ्या हातात दिला. "पाय बरं, माह्यंच लिवलं न त्यानं? मले म्हणे, हो हो, तुमचंच टाकलं."

आई मराठी वाचते. बिल इंग्रजीत होतं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीला ते एका पिनेनं टाचलेलं होतं. चिठ्ठीवर कुत्रीचं नाव. बिलावर आजची तारीख, गोळ्यांचं नाव, आणि पेशंटच्या रकान्यात माझं नाव, वय चोवीस. नवी नोंद करण्यापेक्षा त्यांनी जुनीच पुढे चालवली होती.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचे पाय धुळीनं भरले होते.

"हो," मी म्हणाले. "तुझंच आहे."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि मग पहिल्यांदा रडली.

दुकानाचा मेसेज अजून दर महिन्याला येतो. माझं नाव, आणि तुमची औषधं संपत आली आहेत. तो बंद करायचा तर तिथे फोन करून पेशंट आता नाही, असं सांगावं लागेल. ते विचारतील, कोण पेशंट? सकाळच्या व्हॅनमध्ये मी तो वाचते आणि मोबाइल पर्समध्ये ठेवते. नऊ वाजता माझा वर्ग सुरू होतो.